कांद्याच्या भावाचं पान

माझ्या विहीणबाईंनी मला पाच महिने फसवलं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ कटपीसच्या दुकानात मी तीस वर्षं काढली आहेत. फुटपाथवर चादर अंथरून सुरुवात केली, तेव्हापासून आजपर्यंत एकाही व्यापाऱ्याला, गिऱ्हाइकाला किंवा नातेवाइकाला मला फसवणं जमलेलं नाही. ते जमलं या एका सडपातळ, कमी बोलणाऱ्या बाईला. तेही होजिअरीच्या कापडावर, जे माझ्याच दुकानातून जातं.

आमची ओळखच कापडावरून झाली. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा ही बाई कोण ते न सांगता दुकानात आली आणि टी-शर्टचं कापड मागितलं. ते कापड मोजताना जरासं ताणलं की मीटरमागे चार बोटं वाचतात. मार्केटमध्ये सगळे हेच करतात, आणि मी काही मार्केटच्या बाहेरची नाही. बाईंनी मीटरपट्टीवर बोट ठेवलं. "हात सोडा," म्हणाल्या. मी सोडला. कापड सुस्कारा टाकल्यासारखं आक्रसलं. "आता मोजा." मी संतापून लाल झाले, पण मोजलं. पुढे मध्यस्थाकडून त्यांचा निरोप कळला: "आई ताणते, पण पकडल्यावर सोडते. मुलगी चालेल."

त्यांच्याइतकी हट्टी शिवणारी बाई साऱ्या नाशकात सापडायची नाही. लोक गोधडी जुन्या सुती साड्यांची शिवतात. यांची गोधडी जुन्या टी-शर्टांची आणि बनियनांची, आणि तीही मशीनवर. शिवणकाम येणारी कुणीही सांगेल की हा वेडेपणा आहे. ताणलं जाणारं कापड मशीनच्या पायाखाली सरकतं, फुगतं, आणि शेवटी गोधडीवर नदीसारख्या लाटा उठतात. पण यांच्या गोधडीवर एक लाट शोधून दाखवा! टी-शर्ट धुऊन, उभे-आडवे कापून त्या पलंगावर पसरायच्या आणि दोन-तीन दिवस कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. स्वतः तेवढे दिवस खाली सतरंजीवर झोपायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. आमच्याशी आमच्यासारखं बोलत, पण कापडाशी आणि मशीनशी अहिराणीतून. "कापड निजेल शे," असं बोट ओठांवर ठेवून सांगायच्या. म्हणजे कापड झोपलंय, ताण उतरू दे त्याचा. जावईबापू लहानपणी परीक्षेला बसले तेव्हासुद्धा घरात एवढी शांतता नसेल.

शिवताना त्या खाली वर्तमानपत्राचा कागद घालायच्या. कागदामुळे कापड सरकत नाही. शिवून झालं की कागद फाडून काढायचा. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण त्यांना पान निवडायला शिवण्याहून जास्त वेळ लागे. माणसाचा फोटो असलेलं पान चालायचं नाही. "कुणाच्या तोंडावरून सुई कशी चालवू?" पुढाऱ्याचा फोटो असला तरी नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, याच्या तोंडावरून तर खुशाल चालवा, माझं मतही वाया गेलंय." तर त्यांनी तो पुढारी कात्रीने कापून, घडी घालून खिडकीत ठेवला. श्रद्धांजलीचं पान तर त्या हातातसुद्धा धरत नसत. त्यांचं आवडतं पान एकच, कांद्याच्या भावाचं. विंचूर, लासलगाव, नुसते आकडे, एकही चेहरा नाही. आधी भाव मोठ्याने वाचायच्या, "पडला मेला," असं हळहळायच्या, आणि मग मशीन सुरू.

मुलीला दिवस गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "बाळाची गोधडी मी करणार. आईबापाच्या अंगावरून उतरलेलं कापडच बाळाला लागतं." मी माझ्या मुलीचे कॉलेजपासूनचे टी-शर्ट पिशवीत भरून नेऊन दिले. बारशाला गोधडी हवी, असा सौदा ठरला.

पाचव्या महिन्यात मी एक बाई बोलावली, बाळ-बाळंतिणीच्या मालिशसाठी. शेवटच्या घटकेला भाव चढतो, म्हणून आधीच ठरवून टाकावं. म्हातारी होती, जाड भिंगाचा चष्मा होता, हात मात्र लोण्यासारखे. विहीणबाईंच्याच घरी आम्ही बोललो. त्या आमच्याकडे पाठ करून मशीनवर बसल्या होत्या. म्हातारी भावावरून हलेना, तेव्हा मी आवाज चढवला, "डोळ्यांनी अधू बाईच्या हातात मी माझं नातवंड देणार नाही!" म्हातारी खाली आली. सौदा झाला. मी खूश झाले.

त्या दिवसापासून गोधडीचं काम पुढे सरकेना. दर आठवड्याला मी जाई, आणि दर आठवड्याला उत्तर तेच, "कापड निजेल शे." मी म्हणायचे, "कुंभकर्णाचं आहे का?" त्या हसायच्या. मग म्हणायच्या, "आलाच आहात तर सुई ओवून द्या. दुकानदाराची नजर चांगली." मी ओवून द्यायचे आणि वर म्हणायचे, "याचे वेगळे पडतील हं!" कांद्याचे भाव त्यांनी वाचणं सोडलं होतं, मला वाचायला सांगायच्या. मला वाटलं, विहिणीचा मान म्हणून राबवून घेताहेत. मुलगी सातव्या महिन्यात माझ्याकडे आली, जावईबापू सकाळी अंबडला कंपनीत जायचे ते संध्याकाळी यायचे. घरात त्या एकट्या. चहा मात्र कपाच्या काठाबरोबर, एक थेंब सांडायचा नाही. घर पाठ होतं त्यांना.

बारशाला त्या आल्या त्या बाजारातलं ब्लँकेट घेऊन. सगळ्या बायकांसमोर मी नको ते बोलले. "कापड उठलं नाही वाटतं अजून?" म्हणाले. "नसेल होत तर तसं सांगायचं, ताणत कशाला बसायचं?" बाळाला घ्या म्हटलं तर विहीणबाई म्हणाल्या, "आधी बसते. मांडीवर ठेवा." ही ऐटही माझ्या डोक्यात गेली.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच त्यांच्या घरी गेले. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी पलंगावरची चादर उचलली. खाली गोधडी होती. शिवलेली. शिवण कडेबाहेर गेलेली, एकाच जागी चार-चार वेळा गेलेली, सगळ्यावर लाटाच लाटा. मी ती उलटी केली. मागे कागद तसाच होता. श्रद्धांजलीचं पान. ओळीने फोटो, आणि प्रत्येकाच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, तोंडावरून दोरा गेलेला.

त्या दारात उभ्या होत्या, दोन कप घेऊन. कागदाचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

"कुठलं पान आहे?" त्यांनी विचारलं.

मी एवढी तोंडाळ बाई, पण तोंडातून एकच निघालं, "कांद्याचं."

"खोटं बोलता," त्या म्हणाल्या. "भाव नाही वाचलात."

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. पाच महिने आधी आला असतात तर उरलेली पुष्कळ असती. रिक्षात मी त्यांच्यावर ओरडले, रस्ताभर ओरडले. सांगितलं का नाही? मला नाही तर मुलाला? त्या माझ्या आवाजाच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "मग बाळ कुणी दिलं असतं माझ्या हातात?"

आता कागद मी निवडते, सुई मी ओवते, चालवतेही मीच. त्या बोटांनी कापड चाचपून सांगतात, कुठल्या बाजूला ताणेल, कुठे हात सोडायचा. बाळ बहुतेक वेळ त्यांच्याच मांडीवर असतं. माझी शिवण वाकडी आहे हे त्यांना आवाजावरून कळतं, आणि त्या तसं सांगतातही.

पण माझा राग गेलेला नाही. मालिशवालीला म्हटलेलं ते वाक्य मी भाव पाडायला बोलले होते. तीस वर्षं मी असलंच बोलत आले, त्यात खरं काही नसतं. मीटरमागची चार बोटं जिने पहिल्याच दिवशी पकडली, तिला एवढं पकडता येऊ नये? त्या दिवशी पट्टीवर बोट ठेवून "हात सोडा" का नाही म्हणाल्या? आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोर बसून सुई ओवणाऱ्या मला, जिची नजर चांगली, मला काय दिसत होतं? याचा जाब मला हवा आहे. त्यांनी द्यावा, नाहीतर मी द्यावा, पण कुणीतरी द्यायलाच हवा.