उलथन्याची पकड

मिरज स्टेशनवर निजामुद्दीनची गाडी लागायच्या आत मी सामानाची यादी पुन्हा एकदा वाचून काढली. बॅगा, पाण्याचं भांडं, भडंगाचा डबा, दोन रॅकेट. यजमानांची दिल्लीला बदली झाली होती आणि क्वार्टर ताब्यात घ्यायला ते पुढे गेले होते. आई म्हणाली, "तिथं तू कुणाला शिकवणार गं? तिथले लोक आधीच हुशार." अण्णा, माझे वडील, बाकावर बसून रॅकेटच्या तारा बोटांनी दाबून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "जाशील तिथली जमीन आधी बघ. चेंडू कसा उसळतो ते कळल्याशिवाय हात उचलायचा नाही." गाडी हलली तेव्हा मला रडायला फुरसत नव्हती. एक बॅग बर्थखाली जात नव्हती.

अण्णा सकाळी शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी टेनिस. आमचं कोर्ट लाल मातीचं. खेळण्याआधी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या. मातीवर चेंडू पडला की जरा दम खातो, तुम्हाला विचार करायला वेळ देतो. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमागचं कोर्ट सिमेंटचं, वर निळा रंग. तिथे चेंडू थांबत नाही. पहिले काही दिवस मी प्रत्येक चेंडूला उशिरा पोचले, आणि प्रत्येक बसलाही.

मिरजेत राहिलेल्यांना वाटतं, दिल्लीत गेलेला माणूस रोज काहीतरी मोठं बघत असेल. मी बघितलं ते असं. डिसेंबरच्या धुक्यात जाळीपलीकडे गेलेला चेंडू दिसेनासा होतो आणि परत येताना एकदम अंगावर येतो. मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत प्रॅक्टिस उरकावी लागते, नाहीतर बुटाचे तळवे पोळतात. दिवाळीनंतर सकाळी उठून आधी फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचं, 'आज छुट्टी'. मी हिंदीत ओरडायला शिकले, "पैर चलाओ, बेटा, पैर!" फोनवर आईला "बिल्कुल" म्हणाले की ती म्हणायची, "बिल्कुल काय? 'अगदी' म्हणताना जीभ दुखते का?"

माझ्याकडे मुलं येतात ती पाच-सहा वर्षांची. आधी लाल मऊ चेंडू आणि छोटं कोर्ट, मग नारिंगी, मग हिरव्या ठिपक्याचा, शेवटी पिवळा. या रंगांतून इतकी मुलं गेली, तरी एका गोष्टीची मला सवय झालेली नाही. चेंडू पहिल्यांदा जाळीपलीकडे जातो तेव्हा मूल चेंडूकडे बघत नाही, स्वतःच्या हाताकडे बघतं. हे या हातानं केलं?

इनाया नदाफ अशीच हाताकडे बघत राहिली होती. तिचे वडील आमच्याच ब्लॉकमधले, मंत्रालयात नोकरीला आणि मूळचे मिरजेचेच. ती जाळीच्या दाराबाहेर मला मावशी म्हणायची, आत आली की मॅम. लहान मुलांना सर्व्हिस शिकवताना मी रॅकेट उलथन्यासारखी धरू देते. इवल्या मनगटांना तेवढंच झेपतं, चेंडू पलीकडे जातो आणि मूल दुसऱ्या दिवशी परत येतं. मी 'उलथनं' म्हणाले तेव्हा इनायानं विचारलं होतं, "मॅम, वो क्या होता है?" तिच्या आईनं गॅलरीतून खरंखुरं उलथनं उंच करून दाखवलं.

पण मोठ्यांच्या खेळात ही पकड चालत नाही. चेंडू सरळ, चपटा जातो आणि समोरचा त्याची वाटच बघत असतो. तिथे रॅकेट हातोडीसारखी धरावी लागते, म्हणजे चेंडूला फिरकी देता येते. बदल हाताच्या एका बोटाएवढा, पण तेवढ्यानं सगळं मोडतं. इनाया चौदाची झाली तेव्हा मी तिची पकड बदलली. तिचे चेंडू कुंपणावर जाऊ लागले. जिला ती सहज हरवायची, तिच्याकडून ती हरू लागली. ऋतू बदलला तरी तेच.

नदाफसाहेब एका रविवारी मुद्दाम कोर्टावर आले. "मॅडम, चालणारी वस्तू तुम्ही खोलून ठेवलीत. आमच्या मिरजेत सतार खोलतात, पण परत लावूनही देतात."

"लागेल, साहेब."

"केव्हा? पुढं दहावी आहे. नोएडाची ही स्पर्धा बघू. हिचं असंच राहिलं तर रॅकेट कपाटात."

इनाया मागे उभी राहून चेंडू गोळा करत होती. ती टोपलीतल्या चेंडूंकडेच बघत राहिली. त्या रात्रीपुरतं मला वाटलं, तिला सांगावं, जुनीच धर आणि जिंक. पण सकाळी तीच हातोडीची पकड धरून माझ्याआधी कोर्टावर हजर होती.

नोएडाला नदाफसाहेब आणि मी कुंपणाबाहेर उभे होतो. बाहेरून खेळाडूला काही सांगायचं नाही, हा नियम. पहिला सेट गेला होता. दुसऱ्यात ती चार-पाचनं मागे, सर्व्हिस तिची आणि समोरच्या मुलीचा मॅच पॉइंट. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. आता एकच उरली. इनाया रॅकेट हातात फिरवत राहिली. मला तिची बोटं स्पष्ट दिसत होती. ती उलथन्याच्या पकडीपाशी गेली आणि तिथे थांबली.

"जुनी मार, बेटा," नदाफसाहेब पुटपुटले. ते तिला ऐकू गेलं नसणार.

बोटं परत सरकली. तिनं चेंडू उडवला, नेहमीपेक्षा मागे, जवळजवळ डोक्यावर. माझ्या मनात आलं, गेला. रॅकेट खालून वर घासत गेली, चेंडू जाळीच्या हातभर वरून वळला, रेषेच्या आत पडला आणि समोरच्या मुलीच्या खांद्याच्याही वर उसळला. तिला तो रॅकेटच्या कडेवर लागला आणि आकाशात गेला.

तो चेंडू मी तिला शिकवला नव्हता. पकड मी दिली होती. इतका उसळणारा चेंडू माझ्या हातून आयुष्यात कधी पडलेला नाही, अण्णांच्याही नाही. मी कुंपणाची जाळी धरून उभी राहिले आणि टाळी वाजवायचंही विसरले.

तो गेम तिनं घेतला, सेट मात्र टायब्रेकमध्ये हरली. परतताना गाडी नदाफसाहेब चालवत होते, आम्ही दोघी मागे. यमुनेचा पूल ओलांडल्यावर नदाफसाहेबांनी आरशातून मागे बघून विचारलं, "उद्या कितीला पाठवू हिला?"

"नेहमीच्या वेळेला," मी म्हणाले. इनायानं खिडकीकडे तोंड फिरवलं, पण तिचे गाल काचेत दिसत होते. ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी चेंडूंची टोपली तिच्याकडे सरकवली. "काल ते कसं केलंस, मला दाखव."

"मॅम, मी? तुम्हाला?"

"हो. उभी राहा इकडे."

तिनं माझा खांदा धरून मला तिरपं उभं केलं. "चेंडू इतका पुढे नाही टाकायचा. मागे. और मागे. यार मॅम, डरो मत." मी मारला तो जाळीत. दुसरा कुंपणावर. ती खदखदून हसली, "कोई नहीं, पुन्हा!"

अण्णा परवा फोनवर विचारत होते, यजमान रिटायर झाल्यावर परत येणार ना, मागची खोली रिकामी ठेवलीय. येईन, चार दिवस राहीन, लाल मातीवर पाणी मारीन. पण दिल्लीला परतायची तारीख आधी ठरवून येईन. मिरजेच्या कोर्टावर मला काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे एक चौदा वर्षांची मुलगी मला अजून न येणारी गोष्ट शिकवते आहे, आणि ती जमल्याशिवाय मी कुठे जाणार नाही. ज्या जागेला माणूस असा अडकून पडतो, तिला मी आता घर म्हणते.