आतोबांची नवी जात

जगातल्या प्रत्येक जिवाला कूळ, जात आणि पोटजात असलीच पाहिजे, असा हट्ट धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आमचे आतोबा राहायचे चौलला आणि कारकुनी करायचे अलिबागच्या कोर्टात. आठवडाभर खटल्यांचे कागद लावायचे आणि रविवारी वाडीतली फुलपाखरं. त्यांचं जाळं आत्याच्या लग्नातल्या मच्छरदाणीतून कापलेलं होतं, त्यामुळे घरात डासांना पूर्ण मोकळीक होती. सापडलेलं फुलपाखरू टाचणीनं पेटीत टोचून खाली वळणदार अक्षरात नोंद करायचे. पाहुण्यांनाही सोडत नसत. मला प्रथम पाहिलं तेव्हा म्हणाले, "नाक आईकडचं, कान बापाकडचे. नोंद झाली. जेवायला बस."

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. लिंबावर त्यांना लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू दिसलं. पुस्तकातल्या तसल्या फुलपाखराचं अंगही लाल होतं, याचं मात्र काळं. म्हणजे नवी जात! आतोबांनी तिला आत्याचं नाव दिलं आणि मुंबईच्या एका जाणकाराला कळवलं. उत्तर येईपर्यंत आत्या शेजारणींशी जरा मान वर करूनच बोलत होती.

उत्तर आलं : 'ही नवी जात नव्हे. तुमच्याकडच्या पांढऱ्या पट्ट्याच्या साध्या काळ्या फुलपाखराचीच ही मादी. लाल अंगाचं विषारी असतं म्हणून पक्षी त्याला टाळतात, आणि ही त्याचं रूप घेऊन वाचते. खात्री हवी तर तिची अंडी वाढवून पाहा.'

आतोबा भडकले. "सख्खी भावंडं, आणि एकीचा तोंडवळा शेजाऱ्यासारखा? कोर्टात असं बोलला असता तर अब्रूनुकसानीचा दावा लागला असता!"

तरी त्या मादीनं लिंबाच्या पानांवर घातलेली अंडी त्यांनी आणलीच. दूध-दही जाळीच्या कपाटातून बाहेर आलं आणि सुरवंट आत गेले. आतोबा अलिबागला गेले की पाला आत्याच घाली. महिन्याभरानं कोष फुटले. आधी तीन पांढऱ्या पट्ट्यांची निघाली, मग एक लाल ठिपक्यांची.

आतोबा आत्याकडे वळले. मग म्हणाले, "हरलो. तुझं नाव खोडावं लागणार."

"खोडा. पण हिला टाचणी लावू नका. माझ्या हातचा पाला खाऊन वाढलीय."

त्यांनी कपाटाचं दार उघडलं.

आतोबा गेल्यावर पुष्कळ दिवसांनी मी आत्याला विचारलं, नाव खोडल्याचं वाईट वाटलं का?

"छे रे! लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण मुंबईला धाडलेल्या त्या पत्रात लिहीपर्यंत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मग सवयच लागली. कोर्टातून आले की फाटकातूनच 'द्वारके' अशी हाक यायची."

निवडत असलेली भाजी तिनं जरा बाजूला सारली.

"आता त्या नावानं कोण हाक मारणार?"