बिनघंटीची गाडी

आमच्या मावसाजींनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, आणि हा काही पराक्रम असल्यासारखं ते गावभर सांगत. "मले कोनी शिकवाचं नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शिकवून शहाणे होणाऱ्यांतले तरी कुठं होते ते!

ठेकेदारीत बरकत आली तशी त्यांनी मुंबईहून जुनी जपानी गाडी आणली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नागपुरातल्या मोटारींची दारं धाडकन आपटल्याशिवाय लागत नसत. ही गाडी मात्र विलायती, तेव्हा दार आपटायचं नाही असा हुकूम सुटला. "एसटीचं दार हाय का हे? बोटानं लोटा!" आम्ही बोटानं लोटायचो. ते नीट लागायचं नाही आणि आतून टिंग टिंग सुरू व्हायचं. दार उघडं आहे, एवढंच ती बिचारी घंटी सांगायची.

पण चारचौघांत गाडीनं ह्यांना टोकायचं म्हणजे काय! "माही गाडी मलेच शिकवून राहिली," असं म्हणत एका सकाळी त्यांनी पक्कड घेतली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि घंटीची तारच तोडली. मावशी पायरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, मागचं दार लागून नाही राहिलं, ते पाहा ना."

"तू चूप राय वं!" आतूनच उत्तर आलं. मग नाकाला ग्रीस लावून बाहेर आले आणि लढाई जिंकल्यासारखा चहा प्यायले.

पुढच्या सीटवर ते मावशीला कधी बसू देत नसत. तिथं त्यांची ब्रीफकेस बसायची. बायको मागं!

त्याच हिवाळ्यात दोघं उमरेडला लग्नाला गेली. येताना नागपुरात शिरल्याबरोबर सक्करदऱ्याला आमच्याकडे थांबायचं होतं. हॉर्न बडवत मावसाजी आले. "चहा टाक वं," आईला म्हणाले.

"ताई कुठं हाय?"

"मागं बसली ना. वाटभर तिले समजावून राहिलो, मानपानाचं कसं असते ते."

आई गाडीशी गेली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. सीटखाली मावशीची एक चप्पल पडली होती. मावशी नव्हती.

आईनं टाहोच फोडला. आणि या महापुरुषानं आधी काय पाहिलं? दाराचा रंग कुठं खरचटला का ते!

ते शोधायला निघणार तोच मावशी सायकलरिक्षातून उतरली. वळणावर दार उघडून ती बाहेर फेकली गेली होती, आणि मागून आलेल्या एसटीवाल्यांनी तिला उचलून गाडीत घेतलं होतं. मोडलेला हात कंडक्टरच्या दुपट्ट्यानं गळ्यात बांधलेला.

"पडली त आवाज द्याचा ना वं!" मावसाजी उलट तिच्यावरच खेकसले.

"आवाज देनारी होती ना गाडीत," मावशी म्हणाली. "तिले तुमीच पक्कड लावली." आणि घरात निघून गेली.

हात जुळला, पण मावशी काही परत गेली नाही. मावसाजी दर रविवारी येत. उतरायचे नाहीत, नुसता हॉर्न वाजवायचे. पुढच्या सीटवरची ब्रीफकेस आता मागं गेली होती आणि पुढचं दार तिच्यासाठी सताड उघडं असायचं. मावशी आत भाजी चिरत राहायची. बराच वेळ वाट पाहून मावसाजी स्वतःच वाकून ते दार ओढायचे, धाडकन आपटायचे आणि निघून जायचे.