मागच्या सीटवर बसून बघणारी

सुकापुरात गाडीतलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही. तरी माझी बायको भाजीला रिक्षानंच जाते.

दारात दोन म्हाताऱ्या गाड्या होत्या, एक छोटी लाल आणि एक पांढरी व्हॅन. मी टॅक्सी घेऊन बाहेर असताना सुनेला कळा सुरू झाल्या तर घरात एक गाडी हवी, म्हणून एक ठेवायची आणि एक विकायची ठरलं. मी म्हटलं, लाल ठेवू. कारण काय, तर लाल गाडीत मी जरा बारीक दिसतो.

व्हॅन बघायला मोरा बंदरावरून एक मासेवाली मावशी आली. मी बॉनेट उघडून भाषण सुरू केलं. तिनं तिकडे बघितलंच नाही. चप्पल काढून मागच्या सीटवर बसली, डोळे मिटले आणि उतरली. मग लालमध्येही तसंच. इतकी वर्षं गाडी चालवतोय, मागे बसून मी कधी बघितलं नव्हतं.

"घरात ठेवायची ती कोणासाठी हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"मंग तिला बसव की!"

सून व्हॅनमध्ये आरामात चढली-उतरली. लालमध्ये बसली, पण उठता येईना. मावशीनं दोन्ही हात देऊन तिला बाहेर काढलं, तिच्या पोटाकडे बघून हसली. "लाल मी नेते. माझ्या टोपल्या तक्रार नाय करत."

मी ऐटीत सुनेला म्हटलं, "बघ, शेवटी व्हॅनच ठेवली मी."

मावशी म्हणाली, "तू कशाला? पोटातल्यानं ठेवली. तू निस्ता बाजूला हो."