वरच्या दातांचा बैल

घोडेगावच्या बाजारात वैजूनानांनी बैलाचा जबडा उघडला की आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात. डाव्या हाताची दोन बोटं नाकपुडीत, उजव्या हाताचा अंगठा खालच्या ओठावर, एक नजर, आणि निकाल. "चार दाती हाय. पुढच्या दिवाळीला सहा दाती हुईल." मग मालक कितीही शपथा घेवो, त्या बैलाचं वय नाना सांगतील तेवढंच. पस्तीस वर्षं हा माणूस जनावरांची दलाली करतोय. लॉकडाउन आणि लम्पीमुळे बाजार बंद होता ते दिवस सोडले, तर त्यांनी चुकवलेले शुक्रवार एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

त्यातला एक शुक्रवार म्हणजे गेल्या ऑगस्टातला. त्या दिवशी वैजूनाना धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात जर्मनीतल्या कोलोन शहरात, व्हिडिओ गेमच्या मेळाव्यात उभे होते. शेजारी बायको रंगुबाई, हिरवं लुगडं, पायात लेकीनं आणलेले पांढरे बूट आणि काखेत पिशवी. बूट रंगुबाईंना अजिबात पसंत नव्हते, पण विमानतळावरच्या थंडगार फरशीनं त्यांचं तोंड बंद केलं होतं.

धनश्री ही त्यांची एकुलती एक लेक. नगरला कॉलेज, पुण्यात नोकरी, मग जर्मनीत शिक्षण. तिथं तिनं तिघा मित्रांना जोडीला घेऊन स्वतःचा एक गेम बनवला होता. दोन वर्षं चौघांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तीन वाजता हान्ना नावाची एक बाई तो गेम बघायला येणार होती. तिच्या कंपनीनं घेतला तर तो जगभर जाईल, नाही घेतला तर डिसेंबरात चौघांनी कुलूप लावायचं आणि आपापली नोकरी शोधायची. धनूनं हे आईला आदल्या दिवशी कांदा चिरता चिरता सांगितलं, कांद्याचं निमित्त करून डोळेही पुसले. रंगुबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं, उद्या आपल्या माणसामुळे पोरीचं काम अडू द्यायचं नाही.

मेळावा कसला, मैलभर लांब जत्राच ती! छपराएवढे पडदे, छातीत घुमणारा आवाज, आणि अंगावर चिलखतं घातलेली, डोक्याला शिंगं लावलेली, हिरव्या-निळ्या केसांची पोरं. नाना एका शिंगवाल्यासमोर थांबून शिंगांचा बाक निरखायला लागले, तशी रंगुबाईंनी टॉवेल धरून ओढलं. "त्याचं बी वय बघताय का काय?"

पोरीचा गाळा एका कोपऱ्यात होता, आपल्याकडच्या पानटपरीएवढा. पण पडद्यावर जे दिसलं त्यानं रंगुबाई पायाखालची ती परकी फरशीच विसरल्या. धुळीचा बाजार, लिंबाची झाडं, दावणीला बांधलेली जनावरं, शिंगांना लावलेला लाल हिंगूळ. आणि मधोमध दोन माणसं, एकमेकांचे हात रुमालाखाली धरून उभी.

रुमालाखालचा हात म्हणजे आपल्या बाजाराची जुनी चाल. घेणारा आणि दलाल कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात. बोटांनीच भाव सांगायचा, बोटांनीच नाकारायचा. शेजारी दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. धनू सहा-सात वर्षांची असताना दोनदा बापाच्या खांद्यावर बसून बाजारात गेली होती. वरून तिला तो हलता रुमाल दिसला होता आणि त्याच्याखाली काय चाललंय ते कधीच दिसलं नव्हतं. त्या न दिसलेल्या गोष्टीचाच तिनं गेम केला होता.

नानांच्या हातात तिनं खेळायचं यंत्र दिलं. पडद्यावरच्या गिऱ्हाइकानं हात पुढे केला, आणि नानांच्या तळहातात यंत्र थरथरलं. एकदा. थांबून दोनदा.

"आगं रंगू!" नाना ओरडले. "ह्यानं माझं बोट दाबलं की!"

शेजारच्या गाळ्यावरची माणसं वळून बघायला लागली. नानांनी डोळे मिटून घेतले आणि खऱ्या बाजारात करावा तसा सौदा सुरू केला. तो त्यांनी असा काही ताणला, की गेम बनवणाऱ्या चौघांतला लुकास नावाचा उंच पोरगा खुर्ची ओढून बघत बसला. रंगुबाईंच्या मनात आलं, ह्या माणसाच्या अंगाला शेणाचा वास येतो म्हणून लग्नानंतर मी वर्षभर नाक मुरडलं, आणि माझ्या पोरीनं त्याच वासातून हे उभं केलं. त्यांना एवढं भरून आलं की त्यांनी उगाचच लुकासच्या पाठीवरून हात फिरवला.

सौदा ठरायच्या आधी जनावराचं तोंड बघायचं, हेही गेममध्ये होतं. पांढराशुभ्र खिलार बैल पुढे आला, मान वर केली, तोंड उघडलं. खाली दात. आणि वरही दात. दुहेरी, चकचकीत, शुभ्र.

रंगुबाईंना ते क्षणात दिसलं. म्हशीच्या तोंडात औषधाची नळी घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण त्यांनी ओठ मिटून घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी यंत्र खाली ठेवलं होतं.

"धने, ह्या बैलाला वर दात हायेत."

"हो, मग?"

"बैलाला वरती म्होरं दात नसत्यात बाई. नुसती हिरडी असती. गाईला न्हाई, म्हशीला न्हाई. हे तोंड घोड्याचं हाय."

धनूनं लुकासला विचारलं. लुकासचे कान लाल झाले. बैलाच्या तोंडाचं चित्र मिळेना, म्हणून त्यानं घोड्यांचे फोटो बघून काढलं होतं. चौघांनी हजार वेळा तो बैल पाहिला होता, कुणाला शंकाही आली नव्हती. धनू बाजारात गेली ती खांद्यावरून. खाली उतरून जबडा बघायला पोरीला कोण नेणार होतं?

"नाना, बाई तीन वाजता येतात," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आता काही बदलता येणार नाही. त्यांना हे कळणारही नाही. तुम्ही फक्त आज काही बोलू नका. प्लीज."

नानांनी मान हलवली. रंगुबाईंना त्या हलवलेल्या मानेचा भरवसा वाटला नाही. त्या माणसाला हाताला धरून त्या बाहेर बाकावर घेऊन गेल्या, पिशवीतली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

"आजचा दीस गप ऱ्हावा. पोरीच्या दोन वर्सांचं काम हाय."

"मी कुटं बोलतोय?"

"तुमी बोलत न्हाई, तवाच भ्या वाटतंय मला."

भीती उगाच नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. बेलापूरच्या एका शेतकऱ्याला नानांच्या दलालीतून एक बैल गेला. दिसायला देखणा, पण नांगराला जुंपला की मध्येच बसणारा. नानांना ते माहीत होतं. विकणारा ओळखीचा होता, म्हणून ते गप्प बसले. पुढच्या शुक्रवारी तो शेतकरी आला, बैल नानांच्या समोर बांधला आणि एक अक्षर न बोलता चालता झाला. शिवी दिली असती तरी परवडलं असतं. नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडता मोडता बायकोला म्हणाले, "आता खोड सांगितल्याबिगर कुनाच्या हातात दावं देनार न्हाई." ते आजवर पाळलं. त्यापायी किती सौदे मोडले, किती दोस्त तुटले, ते रंगुबाईंना पाठ होतं. चिडायच्या त्या, पण गावात कुणी 'वैजूनानांनी बघितलंय ना, मग झालं' असं म्हणालं की त्यांचीच मान ताठ व्हायची.

तीनला हान्ना आली. पन्नाशीची, केस आखूड, चष्मा गळ्यात लटकवलेला. धनू इंग्रजीत समजावत होती. रंगुबाईंना शब्द कळत नव्हते, पण लेकीचा चेहरा त्यांना वाचता येत होता. तळहातात बोटं दाबली गेली तशी बाई दचकली, हसली, परत खेळली. बैलाचं तोंड उघडलं. बाईनं ते बघितलं आणि पुढचं जनावर बोलावलं. नाना मागं उभे होते आणि टॉवेलाच्या टोकाला गाठ मारून सोडत होते, सोडून मारत होते.

अर्ध्या तासानं बाई उठली. काहीतरी छान बोलली असावी, कारण धनूचा चेहरा उजळला. आणि बाईनं हात पुढे केला.

तो हात निरोपाचा होता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. घोडेगावात मात्र हातात हात पडला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही, आणि खोड सांगायची ती त्याच्या आधी.

"थांबा!" वैजूनाना म्हणाले. बाजारातला आवाज होता तो. बाईचा हात तसाच राहिला. "धने, हात देऊ नको. आधी सांग तिला, बैल खोटा हाय."

रंगुबाईंनी डोळेच मिटले. ह्यांच्या जिभेला हाड नाही, पस्तीस वर्षं नाही आणि आजही नाही! उघडले तेव्हा सगळे धनूकडे बघत होते. हान्नानं काहीतरी विचारलं, बहुतेक हेच, की हे काय म्हणतायत. आता पोरीला सुटका सोपी होती. म्हणायचं, वडील म्हणतायत की पुन्हा या, चहा घ्या, काहीही. मराठी कळणारं तिथं कोण होतं?

धनूनं बापाकडे पाहिलं. मग लांब श्वास घेऊन ती बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द. मध्येच तिनं पडद्यावरच्या बैलाच्या वरच्या जबड्यावर बोट ठेवलं. मग दुसरा हात नानांच्या खांद्यावर ठेवला. त्या सगळ्या इंग्रजीत रंगुबाईंना दोनच शब्द ओळखता आले. घोडेगाव, आणि नाना.

हान्ना परत खुर्चीवर बसली. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नानांना समोर बसायची खूण केली. मग जे चाललं ते तासभर चाललं. नानांनी एकेक जनावर पुढे घ्यायला लावलं. ह्याची चाल उंटाची हाय. हिची कास इतकी म्होरं नसती. आदत वासराला, म्हंजी दात न पडलेल्याला, दुधाचे दात बारीक पायजेत, हे तर समदे दात जुळलेलं थोराड जनावर दिसतंय. धनू सांगत होती, लुकास लिहीत होता, चिलखतवाली पोरं गाळ्याभोवती गोळा झाली होती. लुकासची मान पुढे करून नानांनी अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ कसा उलगडायचा ते दाखवलं, तेव्हा सगळा कोपरा हसला आणि लुकासही हसला. हान्ना हसली नाही. ती नानांच्या बोटांकडे बघत होती.

शेवटी ती धनूशी बोलली आणि धनूनं ते मराठीत केलं, पण वाक्य पुरं करताना तिची धांदल उडत होती. "ती म्हणते, सही आज नाही. जनावरं नीट करून महिन्याभरात पाठवा, आणि नानांनी पास केल्याशिवाय पाठवू नका. ती म्हणते, दोन दिवसांत तिनं चाळीस गेम बघितले. प्रत्येकानं आपला गेम किती चांगला आहे तेच सांगितलं."

नानांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "मग आता हात दे," ते म्हणाले. "आता चालतंय."

बाईनं आधी नानांचा हात हातात घेतला. मग ती रंगुबाईंकडे वळली आणि काही विचारलं.

"आई," धनू म्हणाली, "ती विचारते, तुम्ही पण जनावरं सांभाळता ना, मग तुम्हाला ते दात दिसले नव्हते का?"

रंगुबाई गडबडल्या. खोटं बोलावं तर हा माणूस शेजारी. "दिसले की. ह्यांच्या आधी दिसले."

"मग बोलल्या का नाहीत?" धनूनं बाईचा पुढचा प्रश्न सांगितला.

"मी आई हाय, म्हनून गप बसले," रंगुबाई म्हणाल्या. मग पदर सारखा केला आणि त्या परक्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊन, अख्ख्या आयुष्यात नवऱ्याच्या तोंडावर कधी न बोललेलं बोलल्या. "खोड सांगायला छाती लागती. ती मला न्हाई. आमच्या घरात ती दोघांनाच हाय. एक हे माझे मालक. आन् दुसरी ही माझी लेक. तुला खोटं सांगितलं असतं, तर तुला काय कळनार हुतं? पर तिनं जसंच्या तसं सांगितलं. सांग गं धने, सांग तिला हे."

हान्ना धनूकडे बघत थांबली. धनूनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बैलाचे खोटे दात तिनं घडाघडा इंग्रजीत सांगितले होते. हे मात्र काही केल्या तिला सांगता येईना.