मनकर्णाबाईची हळद

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे खुशालराव देशमुखांनी नाल्यावर मातीचा बांध घातला, तो ओलितासाठी नव्हे. नाव फिरवायला! आमच्या काळ्या रानात नाव! आधी लोक हसले, पण पाणी भरलं त्या दिवशी सगळे हातातली कामं टाकून बघायला पळाले. त्यात मीही होतो.

बांधाची राखण मनकर्णाबाईकडे. बांधाखालीच तिचा झेंडूचा मळा आणि तेरा घरांची वस्ती, त्यामुळे तिचा जीव बांधात अडकलेला. उन्हाळ्यात भेगा पडल्या की ओली माती भरून ती धुमसाने ठोकी. बाभळीचं रोप बोटभर झालं की उपटी, खेकड्याचं बीळ दिसलं की बुजवी. फक्त बांधावरच्या वारुळाला तिने हात लावला नाही. नागोबाचं ठिकाण, तिथे कुदळ कोण घालणार? आम्ही सगळेच तसे शहाणे.

चौतीस सालची नागपंचमी. तळं काठोकाठ भरलेलं, अमरावतीचे पाहुणे नावेत बसायला निघालेले. बायांनी वारुळात दूध ओतलं आणि नागोबा प्याला म्हणून हरखल्या. मनकर्णाबाई पूजेचं ताट घेऊन मळ्यात उतरली, तर झेंडूच्या सरीत पांढुरकं पाणी! ती तशीच अनवाणी वाड्याकडे धावली.

"मालक, बांध पोखरला! चराच्या तोंडची फळी उचला, पाणी सोडा!"

"कावून? पाहुणे येऊन राहिले. नाव काय चिखलात चालवू?"

"नाव चिखलात बसन, पण मानसं तं वाचतीन! माह्यावर इस्वास नसन तं खाली येऊन उभे राहा."

देशमुख रागारागाने आले. पांढरंशुभ्र धोतर, नवे जोडे. मनकर्णाबाईने वर जाऊन तांब्याभर पाण्यात ताटातली सगळी हळद कालवली आणि वारुळात ओतली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. थोड्याच वेळात देशमुखांच्या पायाशी पिवळंजर्द पाणी फुटलं आणि धोतर घोट्यापर्यंत रंगलं!

"उचला रे फळी!" देशमुखच ओरडले.

फुगलेली फळी हलेना. आठ जणांनी दोर लावून ओढली, तेव्हा कुठे पाणी बाजूच्या चरातून धो धो सुटलं. काय तो आवाज! संध्याकाळी नाव चिखलात तिरपी बसली होती आणि पाहुणे काठावर पुरणाचे दिंड खात होते. तेरा घरांच्या चुली पेटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईने हात जोडून वारुळात पहिली कुदळ घातली. आत खांद्यापर्यंत हात जाईल एवढं भगदाड होतं.

भगदाड बुजवलं, तळं पुन्हा भरलं, नाव पुन्हा फिरली. पण दर नागपंचमीला देशमुख पांढरं धोतर नेसून बांधाखाली उभे राहत. मनकर्णाबाई त्याच जागी हळदीचं पाणी ओतून वरून विचारी, "मालक, कोरडे हा ना?"

आणि आम्ही सगळे कान टवकारून त्यांच्या उत्तराची वाट बघायचो.

"कोरडा हाओ, मनकर्णे!"

मगच आम्ही जेवायला जायचो.