बुजवलेल्या विहिरीवरचा चर

जळोचीच्या पुढं, जिथं आधी ऊस होता, तिथं आमची मोठी वसाहत उभी राहत होती. एकसारखी बैठी घरं, मधून रस्ते. मी साइटवर सुपरवायझर होतो. लासुर्ण्याहून रोज मोटारसायकलवर यायचो.

भिंती चढवायला वेळ लागत नव्हता. खरं दुखणं जमिनीचं होतं. काळी माती पाणी प्यायली की फुगायची, उन्हात भेगाळायची, त्यात वरच्या अंगाला कॅनॉलचा पाझर. पाया मुरमापर्यंत न्यायचा तर चार ठिकाणी वेगवेगळं खोल खणावं लागायचं.

वॉचमन म्हणून ठेवलेले तात्या त्याच जमिनीचे जुने मालक. ड्रेनेजचा चर खणायला जेसीबी शेवटच्या ओळीकडं वळला, तेव्हा ते आडवे आले.

"सायेब, हितं आमची हीर हुती. जमीन इकायच्या आदी आमीच बुजवली. पाचट, दगड, घावंल ते टाकलंय. ही भुई धरायची न्हाय."

नकाशात विहीर नव्हती. मी ठेकेदाराला फोन लावला.

"लाईन सरकवली तर उतार बदलतो, सगळे चेंबर पुन्हा करावे लागतील," तो म्हणाला. "दिवाळीला चाव्या द्यायच्यात."

"मग बाजूंना लावायला फळ्या आणि टेकू तरी पाठवा."

"दोन तासांचं काम आहे. उरकून घे."

काम थांबवायचा अधिकार मला होता. मी फक्त जेसीबीवाल्याला हळू घ्यायला सांगितलं.

पाइप जोडणारा गडी परभणीकडचा. त्याची बायको वरून सामान द्यायची. चर त्याच्या उंचीपेक्षा खोल गेला होता. काठावर उभं राहून त्यानं विचारलं, "उतरू का, साहेब?"

"उतर, पण लवकर आटप."

दुसरा पाइप त्यानं मागितला आणि चराची बाजू त्याच्यावर बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. त्याची बायको हातात रबरी रिंग धरून तशीच उभी होती. मग ती ओरडली. जेसीबी घालायची सोय नव्हती. आम्ही फावड्यांनी, घमेल्यांनी, हातांनी माती काढली. तात्याही गुडघ्यावर बसून उकरत होते. त्याला बाहेर काढलं तेव्हा तोंडात माती होती. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडून दिली.

संध्याकाळी ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "तू नको म्हणत होतास, तो ऐकला नाही. एवढंच सांग."

पोलिसांना मी तेवढंच सांगितलं. आठ दिवसांनी काम सुरू झालं. लाईन तीन हात सरकवली, आणि उतार नीट बसला.

तात्यांनी मात्र जे ऐकलं होतं ते पोलिसांना सांगितलं. त्यांना कामावरून काढलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले. "तुमी 'उतर' म्हनला. म्या ऐकलंय." आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं.

महिन्याभरानं मी परभणीकडं त्या गड्याच्या गावी गेलो. त्याची बायको शेतात कापूस वेचत होती. काय बोलायचं ते मी वाटभर घोकलं होतं. "त्याला मीच उतर म्हणालो होतो," एवढंच तोंडातून निघालं.

ती वेचायची थांबली नाही. "मला काय सांगता? मी तिथंच उभी होते. जिथं खोटं सांगितलं, तिथं जाऊन सांगा."

परत आल्यावर मी जबाब बदलला. नोकरी गेली. ठेकेदाराबरोबर आरोपींत मीही आहे. खटला अजून चालू आहे. घरांत माणसं राहायला आली.

आता मी गावीच ऊस बघतो. तारखेला गेलो की कोर्टाच्या आवारात ती दिसते, भावाबरोबर आलेली. अजून एकदाही तिनं माझ्याकडं पाहिलेलं नाही.